दुपारचा सुरुंग

उलव्याच्या अलीकडे, बंद पडलेल्या पंपहाउसात
जमिनीत कमरेएवढा खड्डा, खड्ड्यात सिमेंटचा ओटा,
ओट्यावर ते यंत्र, पिठाच्या डब्याएवढं,
वर थर्मोकोल, थर्मोकोलवर वीट.
दर दुसऱ्या शनिवारी मी बॅटरी बदलते,
मुंग्या झाडते, कार्ड काढून नवं घालते.
चावी हसुराम म्हात्रेंकडे असते.

आम्हाला लांबचे भूकंप हवे असतात.
जपान, फिलिपाइन्स, कधी कामचाटका.
तिथे कुणाची तरी भांडी फळीवरून खाली येतात
आणि दहाएक मिनिटांनी
इथे, खाडीच्या काठी, एक रेघ शहारते.
तिच्यामागून साडेचार सेकंदांनी
दुसरी येते, बारीक, लंगडत.
तिला ऐकायला ही सगळी यातायात.
ती सांगते, कवच इथवरच;
सदतीस-अडतीस किलोमीटर खाली वेस आहे,
पलीकडचा दगड वेगळा.
त्या वेशीला मोहो म्हणतात.

"मोह? त्याचा झार असतंय ना," हसुराम म्हणाले.
"आमचे डोंगरावर होता एक."

माझा प्रश्न तसा जुनाच आहे.
लाव्हा आला तेव्हा थर आडवे पसरले,
घावनावर घावन घालावं तसे.
मग पनवेलपाशी ते समुद्राकडे कलले कसे,
आणि तिकडे माथेरानच्या मागे
सह्याद्रीला एवढ्या वर कुणी धरून ठेवलं?
खालून काही फुगलं, की वरचं झिजून
ओझं हलकं झालं आणि जमीन आपोआप उठली?
माझ्याकडे दोन उत्तरं आहेत, दोन्ही अर्धी.
तिसरं सरांकडे आहे, ते सांगत नाहीत.

पण आधी गोंगाट काढावा लागतो.
डंपर, पाइल ठोकणारी यंत्रं, भरतीची गुरगुर,
आणि दुपारी एक चाळीसला
काळाकुट्ट उभा खांब,
डोंगरातला सुरुंग.
दोन वर्षांत सहाशे बारा खांब खोडले मी.
खोडले म्हणजे प्रोग्रॅमला सांगून ठेवलं,
ही वेळ आली की डोळे मीट.

त्या शनिवारी चावी देता देता हसुराम म्हणाले,
"सतरा मार्च. मना त्यो दिस दाखव."

पायरीवर लॅपटॉप. ऊन असं की
पडद्यावर माझाच चेहरा.
त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून वर धरला.
एक एकोणचाळीस : रेघ केसासारखी सरळ.
एक चाळीस.
ते काही बोलले नाहीत. मग खांबाच्या उजवीकडे
नख टेकवलं.
"आनि यो?"

तिथे एक लहानसा उठाव होता,
सैल, लांबट, शेपूट ओढत गेलेला.
मी म्हणाले, हा सुरुंग नाही. काहीतरी कोसळलं असेल नंतर.
"मोहाचा झार," ते म्हणाले.

एवढ्या रेघेला झाड पुरत नाही.
दरड असणार, निदान शेकडो टन.
मी ते बोलले नाही.

"बटन मीच दाबला. कामाव होतो त्यांचे."
टॉवेल धरलेला हात जरा खाली आला,
पडदा पुन्हा उन्हाने भरला.
"कवरी वेल चालला त्यो?"
मी मोजलं. बावीस सेकंद.
"मना जास्ती वाटला."

पुढचं कार्ड वाचलं तेव्हा रात्र झाली होती.
कामचाटकाचा एक चांगला भूकंप मिळाला,
साडेचारव्या सेकंदाची खूण स्पष्ट.
त्याच्या खूप आधी, त्या शनिवारी, बारा वाजून दहा मिनिटं :
पायरीवर दोन माणसं बसल्याचे
दोन ठोके, एक जड, एक हलका.
मग अकरा मिनिटं जवळजवळ काही नाही.
मग हलका ठोका उठून गेला.
जड तिथेच.
आणि बऱ्याच वेळाने यंत्राच्या अगदी डोक्यावर
एक खरखर,
कुणीतरी वीट सरळ करून ठेवल्याची.