शुद्धिपत्र, पान सात

रात्री सव्वा वाजता चार कॉलम रिकामे होते.
बेंगळूरहून इंग्रजी बातमी आली, अर्धीमुर्धी,
आणि खालून फोरमन ओरडत होता, पान सोडा की ओ.
मी लिहिलं: देव सापडला.
छत्तीस वर्षांच्या नोकरीत
इतका सोपा मथळा मला दुसरा सुचला नाही.

खाली चौकटीत समजावलंही होतं:
विश्वभर काकवी पसरली आहे असं धरा,
तिच्यातून कण चालतात, चिकटतात, मंदावतात,
त्यालाच आपण वजन म्हणतो.
काकवी माझी. मूळ बातमीत मध होता,
पण मध आमच्याकडं औषधापुरता.

तिसऱ्या दिवशी वत्सला बस्तवाडकर आल्या,
तिसऱ्या गेटपासून उन्हात चालत,
फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या,
हातात कात्रण, कात्रणावर लाल शाई.
बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"काकवीत सोडलेला चमचा थांबतो.
हे क्षेत्र कुणाला थांबवत नाही.
चालत्याला चालू देतं,
चाल बदलायची म्हटली की जोर मागतं.
आणि सापडला म्हणजे? पाहिला कुणी?
जन्मला तिथंच फुटला तो.
कोट्यवधी टकरींचा हिशेब मांडला,
आलेखाला एक टेंगूळ आलं,
ते योगायोगाचं नव्हे, एवढीच खात्री."
मग माझ्या पोटाकडं बघून,
"तुम्ही शंभर किलो धरा.
त्यातला एखाददुसरा किलो त्या क्षेत्राचा.
बाकी सगळी आतल्या आत
एकमेकांना धरून ठेवण्याची ऊर्जा."

क्रीडा पानावरचा पोरगा हसला.
मी म्हणालो, शुद्धिपत्र देतो.

दिलं. सात ओळी, पान सात,
साखर कारखान्याचं टेंडर
आणि कुणाचा तरी हरवलेला शाळेचा दाखला, यांच्या मध्ये.
आदल्या वर्षीचे न्यूट्रिनो
पहिल्या पानावरून पळाले होते, प्रकाशाला मागं टाकत;
त्यांची सैल निघालेली केबलही
मी इथंच पुरली होती.

पुढं कधीतरी पंपाचा मोडका इम्पेलर घेऊन
उद्यमबागेत गेलो, भरमा कंग्राळकराच्या शेडमध्ये.
भिंतीवर यल्लम्माची तसबीर,
शेजारी माझा मथळा, खळीनं डकवलेला,
'देव'वर हळदकुंकू.
"तुम्हीच लिवलासा न्हवं? गावला म्हणे. कुठं होता ओ?"

सांगायला लागलो. काकवी टाळली.
तो ऐकता ऐकता वाळू ठोकत होता.
मग लाकडी पॅटर्न अलगद उचलून बाजूला ठेवला,
वाळूत राहिली नुसती पोकळी.
"हौद की," म्हणाला,
"पॅटर्न कुणी बघत नाही. कास्टिंग हातात येतंय,
त्यावरनं वळखायचं, कशाचा ठसा हुता.
एका नगावर नाही हं. एक वाकडं आलं
तर वाळूचा दोष आसंल.
हज्जार नग तसंच आलं, तर बोलायचं."

मी गप्प उभा राहिलो.
चार कॉलमांत मला जे मावलं नव्हतं
ते त्यानं घाम पुसता पुसता सांगितलं,
आणि पुढचा साचा भरायला घेतला.

खिशातलं लाल पेन काढून मी 'सापडला' खोडलं.
वर बारीक लिहिलं, खूण मिळाली.
पेन डावीकडं सरकलं तसा तो वळला,
"त्याला हात लावू नगासा."
नाही लावला.
तरी निबला कुंकू चिकटलं होतंच,
घरी येऊन टोपण उघडलं तर
शाई कुठली, ते कुठलं, वेगळं काढता येईना.

इम्पेलर अजून त्याच्याकडंच आहे.
बस्तवाडकर बाईंना फोन करून हे सांगायचं राहिलंय.
त्या विचारतील, किती नगांवरून म्हणतोस?