चिखलाच्या रेघेचा क्ष

चोडणात मानस म्हणजे मन नव्हे,
खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं,
खरं तर सालूने न सांगताही.

तरी सालू तिथेच.
खांबावर खडूने पाण्याची उंची मांडतो,
वितींत, आणि उरलेली बोटांत.
मंगळवारच्या सात रेघा:
सहा, सात, आठ, नऊ,
मग एकदम तीन, चार, पाच.

सात बिंदूंतून जाणारी,
सहाच्या वर घात नसलेली बहुपदी
एकच.
पर्वरीच्या पोरांना पंधरा वर्षं हेच सांगत आले.
रात्री दिव्याखाली सोडवत बसले,
अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक,
पाठकोऱ्या कागदांची चळत,
आणि शेवटी रेघ, सातही ठिकाणी बरोब्बर,
नेढ्यातून दोरा ओवावा तशी.

नऊ आणि तीनच्या मधे मात्र
पाणी माडाच्या झावळ्यांत.
सहाव्या घाताने घात केला.

"उदक माडार चडना, बाय."
सालूने आलेख उलटा धरून पाहिला,
सुलटा करून पाहिला,
आणि मानशीच्या फळीवर बोट ठेवलं.
चिखलाची किनार.
इथवर आलं होतं.
म्हणजे य होता, सगळा वेळ होता.
क्ष नव्हता.

किती वाजता?
तो धक्क्याकडे बघत राहिला,
जिथे फेरी लागते आणि फोनला रेंज येते.
गेलो तेव्हा चढत होतं, म्हणाला,
परतलो तर उतरत होतं.
लवीना स्विंडनला कामावर निघताना फोन करते.
तिथे सात वाजलेले असतात, अजून काळोख,
बसथांब्यावर तिला बोलायला कुणी नसतं.

साताला साडेपाच मिळवले.
साडेबारा. आठवा बिंदू.
पाणी माडावरून उतरलं.
पाचनंतर मात्र तीच रेघ
नदीचा तळ फोडून खाली गेली;
ते मी सालूला दाखवलं नाही.
बहुपदी ती, पुष्कळ पायांची, कुर्लीसारखी:
इथे दाबावी, तर तिथून तिरकी निघते.

आज बाराला त्याने खडू माझ्या हातात दिला
आणि धक्क्याकडे निघाला, जरा घाईनेच.
भरती रोज पाऊण तास मागे पडते.
लवीनाचा फोन पडत नाही.
मी फळीकडे बघत उभी आहे.
किनारीला अजून
चार बोटं कमी.