प्रतीक्षायादी, क्रमांक एकोणीस

जागा साठ. अर्ज अकरा हजार चारशे.
हा भागाकार मी पहिल्यांदा केला
फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर,
मग बसच्या तिकिटामागे,
मग भंवरकुव्याला क्लासबाहेर उभी असताना
नुसता मनात.
उत्तर दर वेळी तेच यायचं:
हजारात पाच, आणि वर थोडंसं काही.
त्या थोडंसं-काहीत मी दोन वर्षं राहिले.

बाबांचं दुकान सियागंजात. तराजू दुरुस्त करतात.
नवे इलेक्ट्रॉनिक, जुने दांडीचे,
सराफ्यातला एक तर इतका नाजूक
की पंखा बंद करून उघडावा लागतो.
ठरल्या मुदतीला सरकारी माणूस येतो,
वजनांच्या बुडाशी शिक्का ठोकून जातो.
लहानपणी वाटायचं, माणसांनाही असेल असा,
कुठेतरी तळाशी,
ज्याचा त्याला न दिसणारा.

वरच्या मजल्यावरच्या शेजवलकरांच्या तन्मयकडे
एक तक्ता होता: नक्की, बहुधा, स्वप्न.
माझा कागद बघून म्हणाला,
तुझा तर तिसराच रकाना भरलाय.
खरं होतं.
दोन फॉर्मची फी बाबांनी भरली होती,
आणखी एकाचं मी विचारलंच नाही.

निकाल बुधवारी. लाइट गेलेली.
मोबाइलवर पान अर्धंच उघडलं,
माझं नाव, आईचं नाव,
आणि खाली ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं.
शलाका अरुण आगाशे.
प्रतीक्षायादी, एकोणीस.

आई म्हणाली, म्हणजे काय गं, झालं की नाही झालं?
आत्या रामबागेतून फोनवर म्हणाली, अभिनंदन!
मग जरा थांबून, म्हणजे… करू ना अभिनंदन?
खालचे खंडेलवाल साखर बांधता बांधता म्हणाले,
हो जाएगा बेटा, उन्नीस-बीस का ही तो फ़र्क है.

मागच्या वर्षी यादी अकरापर्यंत सरकली होती,
त्याआधी सव्वीस,
त्याआधी चार.
तीन आकड्यांच्या सरासरीवर विसंबू नये
हे मला कळतं.
तेच तर शिकायला जायचंय.
तरी काढली. तेरा पूर्णांक सहा सात.

म्हणजे आणखी पाच-सहा अनोळखी मुलांनी
दुसरीकडे कुठेतरी जायला हवं.
रात्री मी त्यांना एकेक करून पाठवते.
एकीला परदेशी, स्कॉलरशिपसकट.
एकाला दिल्लीला, त्याच्या मामाकडे.
एकाला, त्याला मनापासून हवा होता तो तबला शिकायला.
कुणाचंच वाईट होऊ देत नाही.
फक्त तिसऱ्या रात्री, झोपच येईना तेव्हा,
एकाला टायफॉइड झाला.
सकाळी उठल्या उठल्या मी त्याला बरं केलं.

काल दुकानात डबा द्यायला गेले.
बाबा दांडीचा तराजू लावत होते,
गिऱ्हाईक घाईत, स्कूटर चालूच ठेवलेली,
कितना बता रहा है, भैया?
पारडी अजून झुलत होती.
बाबांनी नुसता हात वर केला.
हिलते काँटे को पढ़ते नहीं, म्हणाले.
त्याला म्हणाले. मला नव्हे.
तरी मीही तिथेच उभी राहिले, डबा हातात,
काटा थांबेपर्यंत.

थांबला तो मध्यापासून केसभर डावीकडे.
बाबांनी उजव्या पारड्याच्या बुडाशी
शिशाचा एक कण चिकटवला,
पुन्हा पाहिलं,
आणि मला विचारलं, भाजी कसली आहे?

रात्री आई सांगत होती,
जुलैच्या शिप्रा एक्स्प्रेसची तिकिटं त्यांनी काढलीत,
हावड्यापर्यंत, दोन,
तुझं आणि त्यांचं.
मी विचारलं, कन्फर्म?
नाही गं, ती म्हणाली,
तीही वेटिंगवरच.