पाचव्या दिवसाचं पाणी

आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो.
कधी रात्री दोनला, कधी पहाटे,
कधी सहाव्या दिवशी.
आधी पिण्याच्या घागरी, मग हौद, मग धुण्याच्या बादल्या,
आणि सगळ्यात शेवटी ते निळं पिंप
ज्यावर खडूनं लिहिलंय: मासे.

साईचरण पुण्याला शिकायला गेला तेव्हा
काच, पंप, दिवा आणि चार मासे माझ्या हवाली केले.
सोबत वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं.
मी ते घडी घालून पंचांगात ठेवलं.
चाळीस वर्षं डाईंगमध्ये काढली मी, सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडवत.
आणि हा मला पाणी शिकवतो!

पहिल्याच रविवारी काच घासून लख्ख केली,
गाळणीचा स्पंज नळाखाली पिळला,
ताजं पाणी काठोकाठ.
इतकं नितळ, की काचेपलीकडच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत होती.
दिवेलागणीपर्यंत तीन गेले.

नवी टाकी पहिल्या दिवशी धड रंग देत नाही,
तिला मुरावं लागतं.
हे मीच पोरांना सांगायचो.

मग चष्मा लावून पान वाचलं.
*आजोबा, सगळं पाणी एकदम बदलू नका.*
*नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा, औषधाचा वास जाऊ द्या.*
*स्पंज त्यांच्याच पाण्यात खळबळा. घाणीत त्यांचे रखवालदार असतात.*
*टोकदार दगड नको.*

उरला तो शेंदरी. ओरांडा म्हणतात त्याला.
डोक्यावर पिकल्या तुतीसारखं मांस,
शेपूट म्हणजे मलमलीचा पदर पाण्यात सोडून कुणी विसरून गेलंय.
धड पोहता येत नाही त्याला.
बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून
पिढ्यान्‌पिढ्या त्याचं अंग आखूड केलं माणसानं,
आतडी आत दाबून बसवली.
ओळखीचं काम आहे.
चादरीवरचा मोर उठून दिसावा म्हणून
सुताला काय काय सोसायला लावलं आम्ही.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला.
तापल्या पाण्यात हवा टिकत नाही,
म्हणून बर्फाची बाटली हळूच सोडतो, वितळली की दुसरी.
शेजारची सुगलाबाई उंबऱ्यातून विचारते,
"काय करलालाव मामा, माशाला सरबत?"
लाईट जाते तेव्हा तांब्यानं पाणी उचलून
उंचावरून धार धरतो.
हात भरून येतो. तरी धरतो.

एका सकाळी तो उलटा.
पोट वर, एक डोळा माझ्याकडे,
कल्ले मात्र चालू.
कोरडे दाणे हावरटासारखे गिळले होते,
मी न भिजवताच टाकलेले.
पान म्हणालं: तीन दिवस उपास.
मग उकडलेला वाटाणा, सोलून, चिमूटभर.

उन्हाळ्यात कुठला हिरवा वाटाणा?
सात रस्त्याच्या मोठ्या दुकानातून गोठवलेला आणला.
"मला ताप आला तेव्हा," नरसूबाई म्हणाली,
"पेजसुद्धा माझी मीच केली होती."
म्हणाली, आणि वाटाणा माझ्या हातातून काढून घेतला.
तीस वर्षं बीड्यांची तोंडं मुडपलेलं तिचं नख,
त्यानं साल अशी उतरवली
की आतला दाणा दबला नाही.

चौथ्या दिवशी तो तिरका झाला.
पाचव्या दिवशी नळ आला.
सहाव्या दिवशी सरळ, जरा डावीकडे कललेला,
तसा तर मीही आहे.

रात्री पुण्याहून फोन.
"आजोबा, मासे कसे आहेत?"
मी काचेकडे बघितलं.
"बरे आहेत," म्हणालो.
एकट्यालाही आदरानं आहेत म्हणता येतं.

नरसूबाईनं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.
उठून पिंपाचं झाकण काढलं,
वाकून वास घेतला.
"अजून एक दिवस," म्हणाली.