एक्याण्णव हजार तीनशे सहा

आमच्या फोन कंपनीची स्पर्धा होती: शंभर दिवस चाला,
सगळ्यात जास्त पावलांना कपडे धुण्याचं यंत्र.
मनगटी पट्टे आम्हीच फुकट वाटले
आणि पावलं तपासायला बिश्केकच्या तिसऱ्या मजल्यावर
मला बसवलं,
कारण माझी टाच तेव्हा प्लास्टरमध्ये होती.

लबाड्या मी लवकर शिकले.
कुणी पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधतं.
ओशच्या एका पोराने शिवणयंत्राच्या पायट्याला अडकवला होता,
आई रात्रपाळीला शाळेचे गणवेश शिवत होती.
मिनिटाला एकशे वीस, पुन्हा एकशे वीस.
माणूस असा चालत नाही.
माणूस नाडी बांधायला थांबतो,
विसरलेल्या किल्लीसाठी मागे फिरतो,
कुणी भेटलं तर एका पायावरून दुसऱ्या पायावर
नुसताच झुलत राहतो.
आकड्यांत हे सगळं दिसतं.

आत-बाशीच्या वरच्या कुरणातून
मुकाश नावाचा मेंढपाळ
रोज तीस-बत्तीस हजार पाठवायचा.
मी मान्य करत गेले.
डोंगरातला माणूस, पायाला भिंगरी असायचीच.

मग जुलैतल्या एका मंगळवारी
एक्याण्णव हजार तीनशे सहा.

कागद ओढला. मिनिटाला शंभर, तासाला सहा हजार,
म्हणजे पंधरा तासांच्या वर,
साठेक किलोमीटर, तेही चढउताराचे.
लाल शाईने लिहिलं, खोटं.
आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्याची पावलं
आठ हजारांवर आली. कधी सातच.
घाबरला, म्हटलं मी. चोराच्या मनात चांदणं.

प्लास्टर निघाल्यावर साहेबांनी मलाच वर पाठवलं.
दोन गाड्या बदलून, मग दुधाच्या ट्रकमधून.
तंबूबाहेर सौरपट्टीवर त्याचा फोन तापत पडला होता.
त्याने वाडग्यात कुमिस ओतलं
आणि मी विचारायच्या आत म्हणाला,
"रोजची ती तीस हजार? ती तोरूची.
मी घोडीवर बसतो, ती चालते,
माझा हात हलतो, पट्टा मोजतो.
मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.
इथे मेंढ्यांमागे पायी कोण जातं?"

म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं.
बेचाळीस दिवस मी एका घोडीला
सही करून शाबासकी देत होते.

"आणि एक्याण्णव?"

त्याने बुटांकडे पाहिलं. उजव्याचा तळ
तारेने आवळलेला होता.
"त्या दिवशी घोडी नव्हती," म्हणाला.
रात्री वीज पडली, खुंटा उपटून ती पळाली.
दुसरा घोडा भावाने बाजाराला नेलेला.
तो पहाटे दोनला निघाला,
आधी नदीपर्यंत, मग खिंडीपर्यंत,
खिंडीपलीकडे एका दगडावर तिचे केस दिसले
म्हणून पलीकडेही.
तंबूत परतला तेव्हा फोनमधली तारीख
बदलायला थोडाच वेळ होता.

"सापडली?"

"जाताना लगाम हातात होता," तो म्हणाला,
"येतानाही होता."

खुंट्याची जागा मी तेव्हा पाहिली.
भोकात पावसाचं पाणी साचलेलं
आणि त्यात एक माशी.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात,
पण हे कांकण जे दाखवतं
ते कुणाचं, ते सांगत नाही.
नियमाप्रमाणे साठ हजारांवरचा दिवस बाद.
नियमाप्रमाणे घोडीवरचे दिवसही बाद.
उरली सात-आठ हजारांची रांग,
भाऊ मेंढ्या चारतो तेव्हाची.

यंत्र ओशच्या एका व्यायामशिक्षकाला गेलं.
सरासरी चोवीस हजार, निर्दोष.

उतरताना ट्रक मिळाला नाही.
दुखऱ्या टाचेने मी रस्त्यापर्यंत चालले,
तोंडाने मोजत,
चारशे अकरापर्यंत नीट.
पुढे वाट चिखलाची होती
आणि चिखलात खुरांचे जुने ठसे.
त्यांत पाय टाकायचा की बाजूने जायचं
हे ठरवताना
आकडा सुटला.