बिनखिडकीची खोली

दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर
शेवेच्या डब्याखाली हिशेबाची वही असते.
ते पान अजून आहे :
खिडकीचे जादा, माणशी नऊ हजार. खोडलं.
"समुद्र काय, डेकवरही तोच," मी म्हटलं.
निशिकांत हसले, नेहमीसारखे, अर्धे.

कोचीची सहल, बोटवाल्यांची, तिघांचे बारा हजार.
तीही खोडली. रिक्षा केली नऊशेत.
चिनी जाळी पाहिली, त्याहून जास्त घड्याळ.
बोट थांबते ती तिच्या सहलीवाल्यांसाठी,
आपल्यासाठी नाही.

अडीच तास आधीच धक्क्यावर.
चिवड्याची पिशवी, एक बाटली तिघांत.
तिथून पहिल्यांदा दिसली अख्खी बोट,
आमच्या गल्लीहून लांब, पांढरीफेक.
शाल्मली खिडक्या मोजायला लागली.
एकशे बारापर्यंत गेली, मग म्हणाली,
"ह्यातली आपली कुठली?"

निशिकांत चपलेतला खडा काढत बसले,
बराच वेळ.

बेरीज बरोबर आहे. दोनदा केली.
काल सूरसागरच्या कठड्याशी
ती पाण्याकडे पाठ करून
समोरच्या घरांच्या खिडक्या मोजत होती.
मी शेंगांची पुडी घेतली
आणि सुटे मागायचे राहिले.