खो

संध्याकाळी गुडघा फुगतो,
वाटी बुडून जाते त्यात.
डावा. उजवा अजून गप्प आहे,
बघून ठेवतोय.

मटारची पिशवी, रबर लावलेली,
टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं.
टाचेखाली उशी.
हे मटार आता कुणी खात नाही.

विश्रामबागच्या मैदानावर
आम्ही आठजणी बसायचो,
एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं,
बोटं मातीत, टाच उचललेली.
पाठीवर थाप पडायची,
शब्द कानात शिरायच्या आत
मी उठलेली असायची.

आता उठायचं म्हणजे
आधी टेबल, मग भिंत, मग देवाचं नाव.
फिजिओथेरपीची पोरगी सांगते,
मांडी आवळा, दहा मोजा, सोडा.
मोजते.
तिला आमचा नियम ठाऊक नाही,
एकदा दिशा धरली की मागं फिरायचं नाही.

कुपवाडहून मालन चौगुलेचा फोन.
तिचे दोन्ही बदलून झालेत.
"काय करतीस?"
"बसलेय."
"कवापासनं?"
मी सांगत नाही.
पलीकडं जरा वेळ पंख्याचा आवाज.
मग ओरडते, तश्शीच,
"खो!"

पिशवी खाली. रबर कुठं, मटार कुठं.
मी उभी, कशालाही न धरता.

आता हे वेचायला वाकणार कोण, मालने?